गोरेपणाची डबी

श्रावणातली गोष्ट. कसब्याकडची एक बाई आपल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या संगमेश्वरच्या दवाखान्यात आली. मुलगी रोज एस.टी.ने देवरुखला कॉलेजला जाणारी. पंधरा दिवसांपासून पाय सुजत होते आणि सकाळी उठल्यावर डोळे बारीक झालेले दिसत. पावसाची हवा बाधली असेल म्हणून आईने सुंठीचा काढा देऊन पाहिला होता.

मी घोट्याच्या वर बोट दाबले, तर खळगा तसाच राहिला. लघवीला फेस येतो का, विचारले. मुलीने आधी आईकडे पाहिले, मग मान हलवली. लघवीत तपासणीची पट्टी बुडवली, तर तिच्यावरचा पिवळा चौकोन बघता बघता गडद हिरवा झाला. याचा अर्थ, लघवीवाटे प्रथिने वाहून चालली होती. रक्तदाब ठीक, मधुमेह नाही. मग या वयात मूत्रपिंडाला झाले काय?

कारण चेहऱ्यावरच होते, मला उशिरा दिसले. मुलीचा गळा आणि हात आपल्याकडच्या चारचौघींसारखे सावळे, चेहरा मात्र पीठ फासल्यासारखा पांढुरका.

‘तोंडाला काही लावतेस का गं?’

उत्तर आईने दिले. ‘मीच लावते, डॉक्टर. रोज रात्री. हिला कंटाळा.’

मुंबईच्या भावजयीने कुठल्याशा पार्लरवालीकडून आणून दिलेली ती डबी दुसऱ्या दिवशी मी पाहिली. तिच्यावर ना बनवणाऱ्याचे नाव, ना घटक, ना तारीख. आई सांगत होती, ‘पोरगी शिकलेली, हाताला चव आहे, नाकीडोळी नीटस. एवढा रंग सोडला तर नाव ठेवायला जागा नाही.’ बाई वाईट नव्हती. पोटच्या पोरीत कुणी खोट काढू नये म्हणून ती स्वतःच रोज खोट शोधत बसली होती.

वाचकहो, अशा बिननावाच्या क्रीममध्ये पुष्कळदा पारा असतो. त्वचेला रंग देणारे द्रव्य तयार होण्याची क्रिया पारा अडवतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांत उजळपणा दिसतो आणि डबीवर विश्वास बसतो. पण पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. तिथली गाळणी बिघडली की प्रथिने गळतात, अंगावर सूज येते.

आपल्याच राज्यात अकोल्याला हे घडले आहे. तिथे एक आई आणि तिच्या दोन मुली अशा तिघींची मूत्रपिंडे बिघडली. तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपास झाला, तेव्हा त्या क्रीममध्ये भरमसाट पारा सापडला. २०२३ च्या जानेवारीत हे वर्तमानपत्रांतून आले होते. केरळात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले गाळणीच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेल्या पाऱ्याची कायद्याने मर्यादा दहा लाख भागांत एक भाग एवढीच आहे.

लावणाऱ्याच्या बोटांनाही पारा सोडत नाही. उशीला, टॉवेलला, कुशीत झोपणाऱ्या लहान मुलालाही तो लागतो. म्हणून मी आईचीही लघवी तपासली. पट्टी फिकट हिरवी झाली. तेव्हा कुठे बाई खुर्चीवर बसली.

पारा नसला म्हणजे डबी निर्धोक असेही नाही. काही मलमांत स्टेरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते, मुरमे, केस उगवतात आणि थांबवले की तोंड लालभडक होते. २०१८ साली सरकारने ही मलमे चिठ्ठीशिवाय विकण्याला बंदी केली, पण मिळतात. गरोदरपणी केशर-दूध घेतल्याने मूल गोरे होते, हा समज मात्र निरुपद्रवी. खर्च तेवढा होतो.

रत्नागिरीला पाठवण्यापूर्वी मुलीशी एकटीशी बोललो. लावणीला तिला शेतात येऊ देत नाहीत, ऊन लागते म्हणून कबड्डी सुटली, पिवळा ड्रेस मामेबहिणीला देऊन टाकला. ‘आई बोलते माझ्याशी, पण बघते ती रंगच,’ एवढेच म्हणाली. या वाक्यावर माझ्याकडे औषध नव्हते.

१९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली आपल्या नावातला ‘गोरा’ अर्थाचा शब्द काढून टाकला. आमच्या लग्नाच्या माहितीपत्रकांतला ‘निमगोरा’ अजून जागचा हललेला नाही.

रत्नागिरीहून त्यांना पुढे मुंबईला जावे लागले. क्रीम बंद केले, औषधे सुरू झाली. बहुतेकांची गाळणी अशा वेळी काही महिन्यांत सावरते, हिचीही सावरली. फाल्गुनात दोघी आल्या तेव्हा दोघींच्या पट्ट्या पिवळ्याच राहिल्या. आई म्हणाली, ‘सूज गेली हो, पण रंग पुन्हा होता तसा झाला.’ मुलगी खो खो हसली. आईला क्षणभर काय बोलावे कळेना, मग तीही हसली.

अशी डबी तुमच्या घरी असेल, तर लावणे आजच थांबवा. सोन्या-चांदीला लागू देऊ नका अशी सूचना तिच्यावर असेल तर पाऱ्याचा संशय जास्तच. पारा सोन्याला काय करतो ते कोणताही सोनार सांगेल. डबी परसात किंवा नदीत फेकू नका, झाकण घट्ट लावून पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, आणि ज्यांनी ज्यांनी ती हाताळली त्या सर्वांची लघवी तपासून घ्या. पट्टीचे काम पाच मिनिटांचे आहे.