बियाण्यासाठीं वर्गणी कां?

धान्य, चारा व पाणी यांच्या वांटपाचा हिशेब या अहवालांत अन्यत्र दिला आहे. त्याशेजारीं ‘बियाणें व प्रात्यक्षिकें’ हें खातें पाहून, भुकेल्यांस अन्न देण्यास निघालेल्या मंडळीनें शेतकी संशोधनाच्या वाटेस कां जावें, असें कित्येक वर्गणीदारांनीं विचारलें. प्रश्न रास्त आहे. त्याचा खुलासा करणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

दुष्काळ व शेतकी संशोधन यांचें नातें जुनें आहे. १८७६-७८ च्या भयंकर दुष्काळानंतर नेमलेल्या कमिशनानें १८८० सालीं प्रांतोप्रांतीं शेतकी खातीं असावींत अशी शिफारस केली. आपल्या मराठवाड्यांत परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ च्या मे महिन्यांत, म्हणजे ऐन दुष्काळाच्या वर्षीं, स्थापन झालें. सरकारी खर्चानें चालणारीं त्याचीं संशोधन केंद्रें नांदेडास कापसासाठीं, लातुरास गळिताच्या धान्यांसाठीं व जालना जिल्ह्यांत बदनापुरास कडधान्यांसाठीं आहेत.

या कामाचा उपयोग तुरीवरून दिसेल. आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरांत परततो व पुढें तूर जमिनींतील ओलीवरच जगते. सहा महिने घेणारी तूर मध्यम जमिनींत दाणा भरण्याच्या वेळींच तहानेनें सुकते. बदनापुरास तयार होऊन २०१२ सालीं प्रसृत झालेलें बी. डी. एन. ७११ हें वाण सुमारें पांच महिन्यांत हातीं येतें. ओल संपण्यापूर्वीं शेंग भरते. पाऊस तेवढाच, परंतु पीक पदरांत पडतें.

हें काम खाजगी कंपन्यांवर कां सोंपवूं नये? तुरीचें सरळ वाण एकदां नेलें कीं शेतकरी पुढील वर्षीं घरचेंच बियाणें पेरतो व शेजाऱ्यासही देतो. जेथें गिऱ्हाईक परत येत नाहीं, तेथें कोणता व्यापारी दहा-बारा वर्षें भांडवल अडकवून ठेवील? लाभ सर्वांचा, म्हणून खर्चही सर्वांच्या तिजोरींतूनच व्हावयास पाहिजे.

तथापि केंद्रांत वाण तयार झालें म्हणजे तें कुणब्याच्या तिफणींत पोंचलें असें नव्हे. दुष्काळांत घरचें बियाणेंही दळून खाल्लें जातें. आणि डोळ्यांनीं पीक पाहिल्यावांचून गरीब मनुष्य नवा धोका पत्करीत नाहीं. एवढें अंतर भरून काढणें हेंच या खात्याचें प्रयोजन. २०१६ सालीं लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. असल्या वर्षीं कोणतेंही वाण पुरें पडत नाहीं, हेंही आम्ही जाणतों. म्हणूनच अन्नदानाचें खातें आम्हीं आंखडलेलें नाहीं.

तरी आमची सादर विनंति अशी: व्यापारी बंधूंनीं बियाणें बाजारच्या मालांत मिसळूं न देतां निराळ्या कोठींत ठेवून द्यावें; शेतमालकांनीं रस्त्याकांठची एकदोन एकर जमीन प्रात्यक्षिकास द्यावी; आणि इतर दात्यांनीं मृगापूर्वीं यथाशक्ति वर्गणी पाठवावी. पेरणीची वेळ टळल्यावर आलेला रुपया धान्य घेईल, परंतु पीक देणार नाहीं.