निधिवास ते नेवासे : एका नदीकाठच्या गावाचा इतिहास व 'ज्ञानेश्वरी'चे स्थळ

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे हे प्रवरेकाठचे गाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास 'ज्ञानेश्वरी'चे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. हा परिचय इतका रूढ झाला आहे की, ग्रंथात या गावाचे नावच आलेले नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस जी स्थलकालविषयक माहिती येते, तीत गोदावरीच्या दक्षिणेकडील तीर, पंचक्रोश क्षेत्र, महालयेचे अधिष्ठान आणि यादव राजा रामचंद्र यांचा निर्देश आहे, शके १२१२ (इ. स. १२९०) हे रचनावर्ष व सच्चिदानंदबाबा हे लेखक, म्हणजे लेखनिक, यांचाही उल्लेख आहे. गावाचे नाव मात्र नाही. शिवाय नेवासे वसले आहे ते गोदावरीवर नव्हे, तर तिच्या उपनदीवर. तेव्हा ग्रंथातील क्षेत्र म्हणजे नेवासे हे समीकरण कशाच्या आधारे सिद्ध होते, हा प्रश्न उपस्थित होतो.

उत्तराचा पहिला भाग भूगोलात आहे. नेवाशाच्या खाली प्रवरासंगम–टोके येथे प्रवरा गोदावरीस मिळते. 'पंचक्रोश' ही संज्ञा एखाद्या गावठाणाची नसून पाच कोसांच्या परिसराची आहे, आणि संगमाचा प्रदेश या कक्षेत सामावतो. क्षेत्रमाहात्म्याच्या परिभाषेत थोर नदीच्या नावाने लहान नदीचा परिसर ओळखला जाणे यात नवल नाही. वर्णन क्षेत्राचे आहे, गावाचे नव्हे, एवढे मान्य केले म्हणजे गोदावरीच्या उल्लेखाने निर्माण होणारी अडचण उरत नाही.

दुसरा भाग दैवतात आहे. महालया अथवा म्हाळसा या नावांनी ओळखले जाणारे दैवत म्हणजे नेवाशाचे मोहिनीराज, विष्णूचे मोहिनीरूप. त्याचे आजचे देखणे मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी बांधविले. म्हणजे वास्तू ज्ञानदेवांच्या काळाची नाही. परंतु वास्तू बदलली तरी दैवत त्याच स्थळी टिकून राहते, असा महाराष्ट्रातील क्षेत्रांचा सार्वत्रिक अनुभव आहे. 'निधिवास' या संस्कृत नावापासून 'नेवासे' हे रूप परंपरेने सांगितले जाते. या परिसरातील वाङ्मयीन हालचाल केवळ ज्ञानदेवांपुरती मर्यादित नव्हती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. चक्रधरांच्या वास्तव्यामुळे महानुभावांना पूज्य झालेले डोमेग्राम, आजचे कमालपूर, याच भागात गोदाकाठी आहे.

तिसऱ्या पुराव्याविषयी मात्र सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. ज्या खांबास टेकून ज्ञानदेवांनी गीतेचे निरूपण केले असे मानले जाते, तो 'पैसाचा खांब' एका शिवमंदिराचा अवशेष होय. त्यावरील लेख दानविषयक असून त्याचा संबंध करवीरेश्वराशी आहे. ज्ञानदेवांचा त्यात उल्लेख नाही. खांब या ठिकाणच्या जुन्या देवालयाची साक्ष देतो, निरूपणाची नाही. निरूपणाची साक्ष देते ती परंपरा. दुर्गा भागवत यांच्या 'पैस' (१९७०) या ललितनिबंधसंग्रहाचे नाव याच खांबावरून आले आहे. त्या पुस्तकाने खांबाला आधुनिक मराठी वाचकाच्या मनात जे स्थान दिले, ते कोणत्याही शिलालेखाने दिले नसते.

गावाचा इतिहास मात्र तेराव्या शतकाच्या कितीतरी मागे जातो. डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात येथील लाडमोड टेकाडावर उत्खनन केले. त्याचा वृत्तांत १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. नदीच्या गाळात अश्मयुगीन हत्यारे सापडली व मध्य पुराणाश्मयुगातील एका हत्यारपरंपरेस 'नेवासियन' हे नाव मिळाले. त्यानंतरचा थर ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचा. हे लोक मृत मुलांना घराच्या जमिनीखाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यांत पुरीत. अशा एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांत अडकलेला धागाही गंजामुळे टिकून राहिला. त्याच्या परीक्षणात रेशीम व कापूस या दोहोंचे तंतू ओळखण्यात आले. तीन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी प्रवरेकाठच्या कोणा आईबापांनी मुलाच्या गळ्यात घातलेली ही माळ मराठी मुलखातील वस्त्रोद्योगाच्या इतिहासातील महत्त्वाचा दुवा ठरली आहे. तिच्यावरच्या सातवाहन व इंडो-रोमन थरांत रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळतात. हे खेडे सागरी व्यापाराच्या साखळीत ओवले गेले होते, असे त्यावरून दिसते.

येथेच वाङ्मयाभ्यासकाने थांबून विचार करावा. टेकाडावर इंडो-रोमन थरानंतर एकदम येतो तो मुस्लिम-मराठा काळाचा थर. मधली सुमारे हजार वर्षे त्या टेकाडावर वस्ती नव्हती. म्हणजे ज्या शतकात 'ज्ञानेश्वरी' सिद्ध झाली, त्या शतकाबाबत हे उत्खनन मौन पाळते. 'उत्खननाने ज्ञानेश्वरांचे नेवासे सिद्ध झाले' असा जो समज अधूनमधून आढळतो, त्यास आधार नाही. उलट, या मौनावरून नेवाशाचा दावा खोटा ठरविणेही तितकेच चूक होय. टेकाड म्हणजे सबंध गाव नव्हे. नदीकाठची वस्ती पूर, दुष्काळ व राजकीय उलथापालथ यांमुळे एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर सरकत असते. यादवकालीन वस्ती टेकाडाबाहेर, कदाचित देवालयांच्या आसपास असावी, असा तर्क खांबावरील लेखामुळे संभवनीय ठरतो.

वस्तीच्या या सरकण्याची खूण गावाच्या नावातही शिल्लक आहे. नेवासे बुद्रुक आणि नेवासे खुर्द अशी दोन गावे प्रवरेच्या समोरासमोरील तीरांवर आहेत. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. परंतु मोठी लोकवस्ती आणि तालुक्याचे ठाणे आहे ते खुर्दमध्ये. नावे पडली तेव्हाचा तोल आणि पुढचा तोल यांत अंतर पडले आहे.

नदीही जुनी राहिलेली नाही. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने प्रवरेचे पाणी वरच अडविले. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी प्रकल्पाच्या नाथसागराचा फुगवटा खालून संगमाच्या परिसरापर्यंत येतो, आणि त्यात तालुक्यातील काही गावे विस्थापित झाली. जलाशय भरलेला असताना संगमावर प्रवाह असा दिसत नाही. घाटाच्या पायऱ्यांशी पाणी स्थिर उभे असते. ज्या तीराचा निर्देश ग्रंथात आहे, त्याचा पुष्कळसा भाग आता त्या पाण्याखाली आहे.