मात्रज्ञता : आहार, श्रम आणि दीर्घ आरोग्य

संयुत्तनिकायात कोसलनरेश पसेनदीची एक छोटी कथा आहे. राजाला भरपेट जेवण्याची सवय होती. एकदा द्रोणभर भाताचे भोजन करून तो धापा टाकीतच भगवान बुद्धांच्या दर्शनास आला. त्याची अवस्था पाहून तथागतांनी त्याला एका गाथेत उपदेश केला. जो स्मृती जागृत ठेवून अन्नाची मात्रा ओळखतो, त्याच्या पीडा उणावतात आणि त्याला वार्धक्य सावकाश येते, असा तिचा आशय होता. राजाने जवळच उभ्या असलेल्या सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करावयास सांगितले. आपल्या भोजनाच्या वेळी ती म्हणावी, अशी आज्ञा करून त्याला रोज शंभर कार्षापणे देऊ केली. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर स्थिरावला. शरीर हलके झाले आणि राजाने कृतज्ञतेने तथागतांचे स्मरण केले.

या कथेत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. भगवंतांनी राजाला उपास सांगितला नाही, मात्रा सांगितली. राजाने आहार एका दिवसात तोडला नाही, टप्प्याटप्प्याने उतरविला. आणि केवळ आपल्या निश्चयावर विसंबून न राहता त्याने ऐन जेवणाच्या वेळी आठवण देणारा माणूस जवळ ठेवला. वजन कमी करण्याविषयी आजचे आहारतज्ज्ञ जे सांगतात, त्याचा गाभा हाच आहे.

हा विषय स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या घराघरांत आहे. आपल्या आजोबा-आजींनी शेतात, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर देह झिजविला. दिवसभराच्या श्रमानंतर मिळे ती भाकरी आणि कालवण. शिक्षणाने आपल्याला त्या कष्टांतून बाहेर काढले, खुर्ची दिली, नियमित वेतन दिले. ताटातला घास वाढला, हे योग्यच झाले. मात्र त्याच वेळी श्रम जवळजवळ नाहीसे झाले. ज्यांनी अभावाचे दिवस पाहिले, त्यांना अंगावर चार मुठी मांस चढणे हे सुबत्तेचेच लक्षण वाटणार. त्यामुळे पोट सुटू लागले तरी घरात कोणाला चिंता वाटत नाही. पुढे चाळिशीत रक्तदाब निघतो, पंचेचाळिशीत मधुमेह निघतो आणि घरातला पहिला पदवीधर, पहिला अधिकारी ऐन कर्तृत्वाच्या काळात रुग्ण होतो. पिढ्यांच्या कष्टाने उभे राहिलेले एक माणूस असे अकाली खचणे, ही केवळ त्या कुटुंबाची हानी नसते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही व्यक्तींची संख्या 10 कोटींहून अधिक आहे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या सुमारे 13 कोटी 60 लाख. स्वतः बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने गांजले होते. धम्मदीक्षेनंतर दोन महिनेही पुरे होण्याआधी, वयाच्या 65 व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या काळी उपचारांची साधने मर्यादित होती. आज आपल्यापाशी ज्ञान आहे आणि साधनेही आहेत. त्यांचा उपयोग न करणे हा आपला दोष ठरेल.

वजनाचा हिशेब

शरीर हे जमाखर्चाच्या वहीसारखे आहे. अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्चापेक्षा अधिक झाली की उरलेली चरबीच्या रूपाने साठते. एक किलो चरबीत सुमारे 7,700 किलोकॅलरी ऊर्जा असते. साठ किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास झपझप चालली, तर सव्वाशे ते दीडशे किलोकॅलरी खर्च होतात. एका वडापावातून याच्या दुपटीच्या आसपास ऊर्जा मिळते. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढ्यानेच सुमारे दीडशे किलोकॅलरी पोटात जातात, म्हणजे त्या चालण्याचा हिशेब तिथेच फिटतो. म्हणून नुसत्या व्यायामाने वजन फारसे उतरत नाही, आणि महिनाभर फिरून काटा हलला नाही म्हणून पुष्कळजण निराश होऊन व्यायामच सोडतात.

इथेच मोठी चूक होते. वजन उतरविण्याचे काम प्रामुख्याने आहाराचे आहे. ते पुन्हा चढू न देणे आणि हृदय, स्नायू व हाडे सक्षम राखणे हे व्यायामाचे. काटा हलला नाही तरी व्यायामाचा लाभ वाया जात नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांचा तीन वर्षे अभ्यास केला. तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहारात सुधारणा केली आणि चालणे वाढविले, त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे त्यांचे वजन लक्षणीय उतरलेले नव्हते. याचे कारण असे की काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो आणि इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागतो.

त्याही आधी, 1953 मध्ये, लंडनच्या डॉ. जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली होती. चालक दिवसभर बसून असत, तर वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. कामाच्या ओघात घडणारी हालचालही हृदयाचे रक्षण करते, हा विचार त्या अभ्यासाने वैद्यकात रुजविला.

सडपातळ देहातील चरबी

आपल्यापैकी अनेकजण म्हणतात, ‘मी तर बारीक आहे, मला कसला धोका?’ पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या समजाला छेद दिला. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे 3.5 किलो. तरीही वजनातली ही तूट मुख्यतः स्नायूंची व इंद्रियांची होती. चरबी त्या मानाने राखली गेली होती. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा देहभार निर्देशांक 22.3 असाच होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के होती.

म्हणून भारतीयांसाठी मोजपट्टी अधिक कडक आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा हा निर्देशांक 23 झाला की सावध व्हावे. 25 ला स्थूलता मानली जाते. त्याहून सोपी कसोटी कमरेची. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची 80 सेंटिमीटरच्या आत असावी. ज्यांचे बालपण अर्धपोटी गेले आणि तारुण्यात वजन भराभर वाढले, त्यांनी याबाबत अधिक दक्ष राहावे. कारण टंचाईसाठी घडलेल्या शरीराला अचानक आलेली समृद्धी पेलत नाही. आपल्या समाजातील अनेकांची जीवनकथा नेमकी अशीच आहे.

ताटाची मांडणी

महागड्या चूर्णांची वा परदेशी फळांची गरज नाही. ताटाचा अर्धा भाग भाज्या, कोशिंबीर व फळे यांनी भरावा. पाव भागात डाळ, उसळ, अंडी, मासे वा चिकन असावे आणि उरलेल्या पाव भागात भाकरी, पोळी किंवा भात. आपल्याकडे बहुधा याच्या उलट घडते. ताट भाताने भरते आणि डाळ वरून पाण्यासारखी ओघळते. शिधापत्रिकेवरील गहू-तांदूळ आल्यापासून ज्वारी-बाजरी मागे पडली. तिला पुन्हा ताटात आणावे. अंबाडी, तांदुळजा, शेवगा या भाज्यांना गरिबीची खूण मानून लाजण्याचे कारण नाही. तेल दरडोई दिवसाला 25 ग्रॅम धरले, तर चौघांच्या घरात महिन्याला तीन किलो पुरे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आणि साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत राखावी. लोणचे, पापड, फरसाण आणि बिस्किटे यांतले मीठ व साखरही या हिशेबात धरावी. जयंतीची खीर आनंदाने खावी. प्रश्न सणाचा नाही, रोजच्या सवयीचा आहे. आणि पाहुण्याला तिसऱ्यांदा आग्रह करणे म्हणजे प्रेम, ही समजूत आता बदलली पाहिजे.

त्याचबरोबर उपाशी राहून महिन्यात दहा किलो उतरविण्याच्या नादी लागू नये. अशा उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि वजन बहुधा परत येते. सिद्धार्थ गौतमांनी देहदंडाची कठोर वाट चालून पाहिली, ती निष्फळ जाणून सोडली आणि सुजातेची खीर स्वीकारली. मध्यम मार्गाचा धडा ताटालाही लागू पडतो.

चंक्रमण आणि बल

अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे, म्हणजे ध्यानपूर्वक येरझाऱ्या घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची क्षमता येते, प्रयत्नांची क्षमता येते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविते. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरेसा समजावा. उठाबशा, जोर, भिंतीला हात टेकवून केलेले दंड यांना खर्च नाही. वयाच्या तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. उतारवयात पडणे आणि हाड मोडणे टाळायचे तर हे बळ आधीच कमवावे लागते. दिवसभर घरकाम केले म्हणून स्त्रियांना वेगळा व्यायाम नको, असे मानू नये. त्यांना त्यासाठी मोकळा अर्धा तास मिळवून देणे हे घरातील इतरांचे काम आहे. ज्यांना हृदयविकार आहे, किंवा मधुमेहाची औषधे चालू आहेत, त्यांनी उपास अथवा नवा व्यायाम वैद्यकीय सल्ल्यानेच सुरू करावा.

मुलांसाठी

निवासी शाळेतील मुलांना वजन घटविण्याचा आहार नको; त्यांची हाडे आणि स्नायू घडण्याचे हे वय. त्यांना पोटभर, परंतु सकस अन्न हवे : डाळ, अंडे, दूध, शेंगदाणे, पालेभाज्या. आणि रोज किमान एक तास मनसोक्त खेळ हवा, मुलींनाही तितकाच. दहावीच्या वर्षी खेळाचा तास गणिताला दिला जातो, तेव्हा गुण कदाचित दोन वाढत असतील. परंतु मैदानाची सवय तुटते ती कायमचीच. पालकांनीही सुट्टीच्या दिवशी भेटीला येताना चिवडा-बिस्किटांच्या पुड्यांऐवजी पेरू, केळी, गूळ-शेंगदाणे आणावेत.

माजी विद्यार्थ्यांना एकच आठवण द्यावीशी वाटते. वसतिगृहात पहाटे घंटा होई, वंदना होई, मैदानावर कवायत होई, रांगेत बसून ठरल्या वेळी जेवण मिळे आणि रात्री वेळेवर दिवे मालवत. तेव्हा ती शिस्त जाचक वाटली असेल. आज उमगते की मात्रा, वेळ आणि श्रम या तिन्हींची शिकवण तिच्यात होती. पसेनदीपाशी सुदस्सन होता, आपल्यापाशी ती घंटा होती. आता ती वाजवायला कोणी नाही. ज्याने त्याने ती आपल्या घरात वाजवावी, आणि जमल्यास शेजाऱ्यालाही जागे करावे.

नमो बुद्धाय. जय भीम.