मांजराच्या पंजाला काय लावू नये

एनसीसीच्या प्रथमोपचाराच्या तासाला आम्ही रक्त थांबवणे, पट्टी बांधणे, जखमीला उचलणे हे सगळे शिकलो. पण तिथला जखमी शांत पडून राहतो आणि लावलेले औषध चाटत नाही. मांजराचे पिल्लू मात्र अंगाला लागलेले सर्व काही चाटून पोटात घालते.

दिवाळीच्या सुट्टीत मी जबलपूरला घरी होतो. अंगणात रोज ठरल्या वेळी फेरी मारणाऱ्या पिल्लाचे नाव आम्ही हवालदार ठेवले होते. त्याचा पुढचा पंजा काचेने कापला. आजीने डेटॉल आणले, शेजारच्या काकूंनी तापाची अर्धी गोळी. दोघींची मायाच ती! जबलपूरला १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे इथे जनावरांचे डॉक्टर सहज भेटतात. बाबांनी ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन लावला. त्यांचे पहिलेच वाक्य होते, "आधी ती गोळी बाजूला ठेवा."

तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल असते. आपले यकृत त्याला निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकते. त्यासाठी लागणारे विकर मांजरात फारच कमी असते. मग विषारी घटक साचतात, रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते. एका गोळीने मोठे मांजरही दगावू शकते; हवालदार तर जेमतेम पाऊण किलोचा. डेटॉलमधले फिनॉल वर्गाचे द्रव्यही त्याच कारणाने घातक. सोपी खूण अशी की पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे होणारे जंतुनाशक मांजराला लावू नये. फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवरूनही त्याला चालू देऊ नये, कारण नंतर ते पंजे चाटतेच.

मग करायचे काय? एकाने पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त दुखरा पंजा बाहेर ठेवायचा. दुसऱ्याने स्वच्छ कापडाने पाच मिनिटे सलग दाबून धरायचे. मध्येच उचलून बघायचे नाही (हे सर्वांत अवघड). रक्त थांबले की अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ घालून त्याने जखम धुवायची. पोव्हिडोन आयोडीन लावायचे तर पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाचे करायचे आणि वाळेपर्यंत पिल्लाला खाण्यात गुंतवायचे. लहान जखमेला पट्टी नको. घट्ट झाली तर पंजा सुजतो. शी-शूसाठी काही दिवस मातीऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे ठेवावेत, म्हणजे जखमेत खडे जात नाहीत.

काच आत रुतली असेल, रक्त थांबत नसेल, पू किंवा सूज दिसली, दुसऱ्या दिवशीही पाय टेकत नसेल, तर डॉक्टरकडेच न्यावे. दुसऱ्या मांजराच्या चाव्याचे भोक तर वरून लगेच बुजते आणि आत पू होतो.

पिल्लू चावले किंवा ओरखडले, तर आपली जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. रेबीज मांजरामुळेही होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस क्वचितच वाचतो. हवालदाराने मला दोन ओरखडे दिले होते. चौथ्या दिवशी तो फेरीवर हजर झाला. माझा लसीचा शेवटचा डोस मात्र शाळेत परतल्यावर झाला.