तबकड्यांची ओळख

संगणकास अनेक साठवण-तबकड्या, म्हणजे डिस्का, जोडल्या की प्रत्येकीस नाव द्यावे लागते. १९९१ साली अवतरलेल्या लिनक्स प्रणालीत ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे सापडण्याच्या क्रमाने मिळतात. परंतु हा क्रम निश्चित नसतो. एखादी तबकडी काढली, की कालची ‘एसडीबी’ आज ‘एसडीए’ होऊ शकते. अशा वेळी जुन्या नावावर विसंबून तबकडी कोरी करण्याची आज्ञा दिल्यास भलतीच माहिती कायमची नष्ट होईल.

यावर उपाय असा : तबकडीची आखणी करतानाच तीवर १२८ द्विमान अंकांची खूण नोंदवितात. तबकडी कोठेही जोडली तरी ती बदलत नाही. मात्र हुबेहूब नक्कल केल्यास खूणही तीच उतरते. म्हणून नकलेस नवी खूण देणे अगत्याचे असते. पंगतीतील जागा बदलते. अंगची खूण बदलत नाही.