वेबसाइटचा ग्राफ पडला? जाहिरात वाढवण्याआधी पंचांग आणि आभाळ बघा



“गेल्या वर्षी याच तारखांना वेबसाइटवर भरपूर लोक येत होते, यंदा शुकशुकाट आहे. जाहिरात वाढवू का?” ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर एकच असतं: दोन मिनिटं थांबा. ग्राफ पडला म्हणजे धंदा पडला असं नाही. कदाचित सण पुढे गेला असेल, कदाचित पाऊस लांबला असेल. कारण न शोधता जाहिरातीत पैसे ओतले, तर छोट्या दुकानदाराचं भांडवल तिथेच संपतं. व्हिडिओत हा मुद्दा घाईत झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

१. तारखेशी तारीख जुळवू नका, सणाशी सण जुळवा

लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला आलं आणि २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. चांद्रवर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असतं, म्हणून सण दरवर्षी अलीकडे सरकतात. मग अधिक महिना येतो आणि ते अडीच आठवडे पुढे ढकलले जातात.

आता रिपोर्ट उघडा. ११ ते २० ऑक्टोबर हे दहा दिवस २०२५ मध्ये दिवाळीच्या ऐन खरेदीचे होते. २०२६ मध्ये त्याच तारखांना नवरात्र सुरू आहे, दिवाळी अजून लांब. ॲनालिटिक्समध्ये ‘गेल्या वर्षीचा हाच काळ’ निवडलात तर घसरण दिसणारच! त्याऐवजी तारखा हाताने टाका: लक्ष्मीपूजनाच्या आधीचे २१ दिवस, दोन्ही वर्षांचे. हीच खरी तुलना.

गणपतीचंही तसंच. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. मखर आणि सजावटीचं सामान विकणाऱ्याचा ऑगस्ट यंदा थंड दिसला, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

अधिक महिना फक्त तारखा ढकलत नाही, मागणीही बदलतो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. आपल्याकडे या महिन्यात लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत, त्यामुळे लग्नाच्या शालू-शेरवानीकडे कमी लोक वळतात. पण धोंड्याचा महिना म्हटल्यावर जावयासाठी चांदीची वस्तू, वाणाचं सामान, अनारशाचं पीठ हे सगळं शोधलं जातं. म्हणजे गिऱ्हाईक आहे, फक्त दुसऱ्या कपाटासमोर उभं आहे.

पितृपक्षात बरेच जण नवी खरेदी टाळतात, पण बघणं थांबवत नाहीत. वस्तू कार्टमध्ये पडून राहतात. अशा वेळी ‘कोणी घेत नाही’ म्हणून भाव पाडू नका. घटस्थापनेच्या दिवशी त्या लोकांना आठवणीचा मेसेज पाठवा.

२. पाऊस तारीख बघून येत नाही

सणाची तारीख निदान आधी कळते, पावसाची नाही. मुंबईत मान्सून पोहोचण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून. २०२३ मध्ये तो २५ जूनला आला, २०२५ मध्ये २६ मेलाच. तब्बल एक महिन्याचा फरक!

समजा तुम्ही रेनकोट, छत्र्या, ताडपत्री विकता आणि दरवर्षी १ जूनला जाहिरात सुरू करता. २०२३ मध्ये तुमचे तीन आठवडे उन्हात गेले असते. २०२५ मध्ये तुम्ही जागे होईपर्यंत लोकांनी रेनकोट घेऊनही टाकले असते. त्या वर्षीच्या लवकर आलेल्या पावसाने एसी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांचाही उन्हाळा बिघडवला. आपल्यासारख्यांनी तर जपूनच राहायला हवं.

म्हणून सगळा माल एकदम भरू नका. एप्रिलअखेर थोडा भरा, बाकीचा होलसेलरकडे सांगून ठेवा. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज देतं, तो बघून जाहिरातीचं बजेट हलवा. सोबत गूगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून ‘रेनकोट’ मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही टाकून बघा. आणि जाहिरात जिल्ह्यानुसार लावा. कोकणात धो-धो सुरू असताना मराठवाड्यात ऊन असू शकतं.

३. लोक आले म्हणजे ऑर्डर आली असं नाही

मुसळधार पावसात लोक घरी अडकतात, हातात मोबाईल असतो. भेटी वाढतात, ऑर्डरही येतात. पण रस्ते बंद, कुरियर अडकलेलं. सीओडीचं पार्सल आठवडाभर उशिरा गेलं की गिऱ्हाईक म्हणतं, “आता नको.” जाण्याचा आणि परत येण्याचा खर्च तुमच्या माथी.

अशा दिवसांत डिलिव्हरीचा खरा वेळ वस्तूच्या पानावर ठळक लिहा. आधी पैसे भरणाऱ्याला छोटी सूट द्या. पाणी साचलेल्या भागाच्या पिनकोडवर सीओडी दोन-तीन दिवस बंद ठेवा. विक्री थोडी कमी दिसेल, पण हातात पैसे जास्त राहतील.

४. पान आधी तयार, सण नंतर

गूगलला नवं पान सापडून वर यायला वेळ लागतो. सणाच्या आदल्या आठवड्यात बनवलेलं पान बहुतेक वेळा सण संपल्यावरच दिसतं. दीड-दोन महिने आधी बनवा आणि लिंकमध्ये साल टाकू नका. ‘गणपती-सजावट’ एवढंच ठेवा, दरवर्षी त्याच पानावर नवा माल लावा. जुन्या पानाने कमावलेली ओळख वाया जात नाही.

आजचं काम

सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांचा डेटा ठेवतं. त्यामुळे तीन दिवाळ्या शेजारी ठेवून बघायच्या असतील तर वही तुमचीच हवी. एक शीट उघडा आणि सहा रकाने करा: तारीख, सण किंवा तिथी, हवामान, भेटी, ऑर्डर, परत आलेली पार्सलं. रोज रात्री गल्ला मोजताना एक ओळ भरा.

पुढच्या वर्षी ग्राफ पडला की आधी ही शीट उघडा. कारण तिथे सापडलं तर जाहिरातीचे पैसे वाचले. नाही सापडलं, तर मग भाव, फोटो आणि वेबसाइटचा वेग तपासायला बसा.