भूमध्य समुद्राच्या काठानं (भाग ६) : मिलोसचा खडक आणि वारा

गेल्या आठवड्यात आपण क्रीटमध्ये होतो. तिथून उत्तरेला, सिक्लाडिस द्वीपसमूहात मिलोस हे बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम दीडशे चौरस किलोमीटर, पण इथले किनारे एकमेकांचे नातलग वाटत नाहीत. बेट ज्वालामुखीतून घडलं आहे आणि त्याच्या प्रत्येक थरानं किनाऱ्याला आपला रंग दिला आहे.

उत्तरेचं साराकिनिको म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा, प्युमिसचा घट्ट झालेला पांढरा खडक. वाऱ्यानं आणि लाटांनी तो इतका गुळगुळीत केला आहे की अनवाणी चालता येतं. वाळू थोडीच, झाड एकही नाही; दुपारी डोळे दिपतात. दक्षिणेच्या फिरिप्लाकाला तांबडे-पिवळे कडे आहेत. शेजारच्या त्सिग्रादोला दोर आणि शिडी धरून कपारीतून उतरावं लागतं. पालिओखोरीला तर जमीन अजून तापलेली आहे. वाळूत थोडं खणलं की हाताला चटका बसतो आणि उथळ पाण्यात तळातून बुडबुडे वर येतात.

याच ज्वालामुखीनं मिलोसला काळी काच दिली, ऑब्सिडियन. पोलादासारखी धार धरणारी ही काच ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या फ्रांख्थी गुहेत सापडली आहे, तीही दहा हजार वर्षांहून जुन्या थरांत. म्हणजे शेती सुरू होण्याआधीच माणसं समुद्र ओलांडून इथून दगड नेत होती! मला तरी या बेटाची सगळ्यात थोर गोष्ट हीच वाटते. १८२० मध्ये इथं सापडलेली आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेली व्हीनसची मूर्ती त्यानंतर.

आता वारा. जुलै-ऑगस्टमध्ये इथं 'मेल्तेमी' हा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे नवखा माणूस फसतो. साराकिनिकोच्या चिंचोळ्या खाचेत त्या वेळी लाटा उसळत असतात, तर दक्षिणेला पाणी निवांत असतं. म्हणून स्थानिक माणसं आधी वाऱ्याची दिशा बघतात, मग किनारा ठरवतात.

चाच्यांच्या भीतीनं जुनी वस्ती प्लाकाच्या डोंगरावर चढली. होड्या मात्र खालीच ठेवाव्या लागत, त्यातून क्लिमासारखी गावं उभी राहिली. बेटाच्या पोटात शिरलेल्या आखाताच्या काठावर इथं एका रांगेत 'सिर्माता' आहेत : खाली होडीची खोली, वर राहायची. लाल, निळी, हिरवी लाकडी दारं थेट पाण्याकडे उघडतात. दारापासून पाण्यापर्यंत छोटीशी उतरण. हिवाळ्याच्या तुफानात होडी तिच्यावरून आत ओढून घ्यायची. आपल्या कोकणात भरती-ओहोटीचा फरक कित्येक मीटरचा, तिथं असं घर बांधताच आलं नसतं. एजियन समुद्रात तो बहुतेक वेळा वीतभरच असतो, म्हणून उंबरठा लाटेला लावता येतो.

यांतल्या बऱ्याच सिर्मातांत आज पर्यटक भाड्यानं राहतात. साराकिनिकोजवळच्या हॉटेलच्या बांधकामावर २०२५ च्या सुरुवातीला ग्रीसभर संताप उसळला आणि काम थांबलं. तो संताप रास्तच होता. तो खडक मऊ आहे. एकदा खोदला की पुन्हा तसा व्हायचा नाही.

मिलोसला जाणार असाल तर साराकिनिकोला सकाळी लवकर जा, पाणी आणि टोपी न्या. आणि क्लिमात फोटोसाठी होडीची उतरण अडवून उभे राहू नका. त्या दारांमागं अजूनही काही कुटुंबं राहतात.